पत्रा कापणाऱ्या कंपन्या एवढ्या मोठ्या होतात कशा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आपण स्टील सर्व्हिस सेंटरवर एक छोटं टिपण दिलं होतं, म्हणजे ज्या कंपन्या पोलाद बनवणाऱ्या मिलकडून कॉइल (पत्र्याच्या मोठ्या गुंडाळ्या) घेतात, त्या कापून, चिरून, सरळ करून पुढे कारखान्यांना पुरवतात त्यांच्यावर. विषय रुक्ष आहे, कोण वाचणार असं वाटलं होतं, पण प्रश्न इतके आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं टाळलीत.

प्रश्न : या कंपन्या स्वतः एक किलो स्टील बनवत नाहीत. घ्यायचं, कापायचं, विकायचं. मग त्या ऐंशी-शंभर वर्षं टिकल्या कशा आणि इतक्या वाढल्या कशा? मिल थेट गिऱ्हाइकाला का नाही विकत? मधला माणूस कधीतरी उडायलाच हवा ना?
– कॉमर्सची विद्यार्थिनी

मिल थेट विकते की, नाही असं नाही. मोटारी बनवणारी मोठी कंपनी किंवा मोठा पाइपवाला असेल तर तो मिलशीच बोलतो. पण मिलचं गणित तुमच्या-आमच्यासारखं नसतं हो, तिथे एका हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एका खेपेत, दीडशे-दोनशे टन स्टील एकाच केमिस्ट्रीचं तयार होतं, त्याचं रोलिंग ठरलेल्या क्रमाने होतं, आणि ऑर्डर दिल्यावर माल हातात पडायला आठवडे, कधी महिने जातात. आता ज्याला येत्या गुरुवारी २ मिमीचा तीन टन पत्रा हवाय, तोही १४८ मिमी रुंदीच्या पट्ट्यांमध्ये, त्याने मिलला फोन करून करायचं काय? फोन उचलतीलही, पण हसतील. ही जी मधली दरी आहे, टनेजची आणि वेळेची, ती भरून काढायचे पैसे या कंपन्या घेतात, आणि दरी काही बुजलेली नाही त्यामुळे मधला माणूसही उडालेला नाही. उलट मिलवाल्यांनाही तो हवा असतो, शेकडो छोट्या गिऱ्हाइकांची उधारी सांभाळत बसायची त्यांची अजिबात तयारी नसते.

जुनी उदाहरणं बघा. शिकागोत जोसेफ रायर्सन यांनी १८४२ साली लोखंडाचं दुकान टाकलं, तेव्हा स्वस्तात पोलाद बनवायची बेसेमरची पद्धतसुद्धा यायची होती. जर्मनीत पीटर क्लॉकनर यांनी १९०६ मध्ये डुइसबुर्गला ट्रेडिंग सुरू केलं. पण आज आपण ज्याला प्रोसेसिंग म्हणतो ते खरं सुरू झालं १९२० च्या दशकानंतर, कारण तेव्हा अमेरिकेत आर्म्को कंपनीच्या जॉन टायटस यांनी केंटकीतल्या अ‍ॅशलँडला सलग रुंद पत्रा काढणारी मिल चालू करून दाखवली. त्याआधी पत्रा एकेक करून लाटायचे. सलग पत्रा यायला लागला की तो गुंडाळायला लागतो, गुंडाळला की कॉइल, आणि कॉइल जशीच्या तशी कुणाच्याच प्रेसमध्ये जात नाही, कुणीतरी ती उघडून कापून द्यायलाच पाहिजे. तिथे हा धंदा नुसत्या गोदामाचा राहिला नाही, मशीनचा झाला.

रिलायन्स स्टील (लॉस एंजेलिसला सुरू झालेली, आपल्याकडच्या नावाशी घोळ करू नका) १९३९ ची, सुरुवात बांधकामाच्या सळयांपासून. आणि वर्दिंग्टन या अमेरिकन स्टील कंपनीची गोष्ट तर या धंद्यात सगळ्यांनाच माहीत असते, जॉन मॅकॉनेल हा स्टीलचा सेल्समन, १९५५ साली ओहायोमध्ये त्याने स्वतःची १९५२ मॉडेलची ओल्ड्समोबाइल गाडी तारण ठेवून ६०० डॉलर उचलले आणि त्यात पहिला माल घेतला. लोकांना यातली गाडी लक्षात राहते. मला विचाराल तर महत्त्वाचं हे की तो सेल्समन होता, कुणाला कोणत्या साइझचा पत्रा मिळत नाहीये हे त्याला माल घ्यायच्या आधीच माहीत असणार. पुढे १९६६ मध्ये त्याने कामगारांना नफ्यात वाटा द्यायला सुरुवात केली, १९६८ मध्ये शेअर बाजारात आले, आणि २०२३ च्या डिसेंबरात कंपनीचे दोन तुकडे करून स्टीलचा भाग वेगळा केला.

प्रश्न : मी अकाउंट्समध्ये आहे. आमचे प्रॉडक्शनवाले स्लिटिंगचं फार कौतुक सांगतात. पत्रा उभा चिरायचा यात एवढं काय टेक्निक आहे? आणि त्यातून कंपनी मोठी होते ते कसं?

तुम्ही अकाउंट्सचे आहात ना, मग हिशोबानेच सांगतो.

समजा २० टनांची कॉइल आहे, १२५० मिमी रुंद, २ मिमी जाड. स्टीलची घनता ७.८५ धरली तर एका मीटरचं वजन साडेएकोणीस किलोच्या वर, म्हणजे ही कॉइल उलगडली तर एक किलोमीटर लांब पत्रा. गिऱ्हाइकाला हव्यात १४८ मिमीच्या पट्ट्या. आठ बसतात, ११८४ मिमी झाले, उरले ६६ मिमी, ते दोन्ही कडांना भंगारात. ६६ मिमी ऐकायला काहीच नाही पण २० टनांत ते १०५६ किलो होतात. आता ऑर्डर लावणारा माणूस हुशार असेल तर तो आपल्या यादीत बघतो की ५० मिमीची पट्टी कुणाला हवी आहे का. असली तर ती त्याच कापात टाकतो, एकूण १२३४ मिमी, कडांना फक्त ८-८ मिमी ट्रिम, भंगार २५६ किलो. एका कॉइलमागे ८०० किलो भंगाराच्या भावाऐवजी पत्र्याच्या भावाने गेले! रोज दहा कॉइल चिरणाऱ्या कंपनीचा वर्षाचा आकडा तुम्हीच काढा.

पण मेख अशी की ५० मिमीवालं गिऱ्हाईक तुमच्याकडे असायला हवं. दोनच गिऱ्हाइकं असलेल्याला हे जमणार नाही, दोनशे असलेल्याला जमतं. म्हणून मोठी कंपनी तीच कॉइल त्याच भावात घेऊनही जास्त कमावते, आणि जास्त कमावते म्हणून भाव थोडा कमी लावते, आणि भाव कमी म्हणून आणखी गिऱ्हाइकं येतात, हे चक्र एकदा फिरायला लागलं की वर्षानुवर्षं फिरत राहतं.

आणि टेक्निकचं म्हणाल तर तेही आहे बरं का. वरच्या-खालच्या पात्यांमध्ये आडवी फट ठेवतात, साध्या स्टीलला जाडीच्या साधारण १० टक्के, म्हणजे इथे ०.२ मिमीच्या आसपास. ती चुकली किंवा पाती बोथट झाली की कडेला बर, म्हणजे धारदार खरखरीत काठ, येतो आणि मग गिऱ्हाइकाच्या प्रेसवरचा माणूस हात कापून घेतो आणि त्याचा साहेब अख्खा लॉट परत पाठवतो. दुसरी गंमत मला स्वतःला फार आवडते. मिलमधून येणारा पत्रा मधोमध किंचित जाड असतो, कडांना किंचित पातळ, फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा, बोटाला कळणारसुद्धा नाही. पण आठ पट्ट्या एकाच शाफ्टवर शेकडो वेढे गुंडाळायला लागल्या की मधल्या पट्टीच्या कॉइलचा व्यास वाढत जातो, ती घट्ट ओढली जाते, आणि कडेच्या पट्ट्या सैल पडून लोंबायला लागतात. म्हणून स्लिटिंग लाइनच्या मध्ये जमिनीत चांगला खोल खड्डा असतो, लूपिंग पिट, सैल पट्ट्या त्यात झोके घेतात आणि पुढच्या टेन्शन युनिटमधून सगळ्या सारख्या ताणात वर येतात. नवीन शेडमध्ये मशीनच्या आधी हा खड्डा खणला जातो आणि पाहुण्यांना वाटतं पायाच चाललाय.

प्रश्न : मी शेअर्समध्ये थोडीफार गुंतवणूक करतो. स्टीलचा भाव पडला की अशा कंपन्यांचा नफा गायब होतो, पण कॅश फ्लोमध्ये भरपूर रोकड दिसते. तेजीत बरोबर उलटं. हे काय गौडबंगाल आहे?

गौडबंगाल काही नाही, सगळा खेळ स्टॉकचा आहे, आणि माझ्या मते या धंद्यात दशकानुदशकं कोण टिकतं आणि कोण बुडतं याचं उत्तर इथेच आहे, मशीनमध्ये नाही.

एक कंपनी धरू, महिन्याला १००० टन विकते आणि तीन महिन्यांचा म्हणजे ३००० टनांचा साठा ठेवते. भाव टनाला १०० धरा (चलन कुठलंही घ्या). साठ्यात अडकले ३ लाख. आता तेजी आली, भाव १५०. जुना १०० चा माल १७०-१८० ने विकला जातोय, नफा-तोटा पत्रक बघून मालक खुशीत. पण जो माल विकला तो परत भरायला १५० लागतात, तेवढाच साठा ठेवायचा तर आता साडेचार लाख हवेत, म्हणजे वरचे दीड लाख कुठून तरी आणायचे, शिवाय गिऱ्हाइकांची उधारीही भावाबरोबर फुगलेली. म्हणून भर तेजीत बँकेचं कर्ज वाढतं. कागदावर विक्रमी नफा आणि खात्यात खडखडाट!

मंदीत उलटं. भाव १०० वरून ७० वर आला, विक्री ७०० टनांवर आली. आता साठा २१०० टनांचा पुरतो, म्हणजे ९०० टन विकायचे आणि परत भरायचेच नाहीत. ते ८० ने जरी काढले तरी ७२ हजार रोख हातात. बाकीचा माल विकला की त्याच्या जागी ७० चा येतो, तिथेही पैसे मोकळे होतात. वर वसूल होणारी जुनी उधारी. पुस्तकात तोटा दिसतोय कारण १०० ची खरेदी स्वस्तात गेली, पण रोकड येतेय, आणि शहाणी कंपनी त्या रोकडीतून कर्ज फेडते.

पण हे कोणाला जमतं? ज्याने शिखरावर असताना साठा वाढवला नाही त्याला. तेजीत मिलवाले पुरवठा आखडतात, 'कोटा' देतात, गिऱ्हाईक दारात उभं असतं, सेल्सवाले ओरडतात की माल घ्या माल घ्या, आणि नेमकी तेव्हाच लोक सहा महिन्यांची खरेदी करून बसतात. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हॉट रोल्ड (गरम असताना लाटलेल्या) कॉइलचा भाव टनाला १००० डॉलरच्या वर होता आणि वर्ष संपेपर्यंत जवळपास निम्म्यावर आला. पुढे २०२० च्या मध्यापासून २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत तोच भाव चौपटीच्या वर चढला आणि मग परत कोसळला. शिखराच्या भावाने गोदाम भरून ठेवलेल्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. हॉट रोल्ड कॉइलचे वायदे २००८ पासून अमेरिकेत आहेत, त्याने थोडं संरक्षण मिळतं, पण वायदा भावाचा धोका झाकतो, न खपणाऱ्या साइझचा नाही. गोदामाच्या कोपऱ्यात गंजत पडलेली भलत्याच ग्रेडची कॉइल कुठलाही वायदा विकून देत नाही.

तेव्हा गुंतवणूक करताना नफ्याबरोबर साठा वर्षातून किती वेळा फिरतो ते बघा. वर्षाला चार-पाच वेळा फिरत असेल आणि तेजीतही तो आकडा पडत नसेल तर खरेदी शिस्तीत आहे असं समजा. विक्री वाढतेय आणि साठा त्याहून जास्त वाढतोय असं दिसलं तर मी तरी लांब राहीन.

प्रश्न : मिल टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर यांचा एवढा बाऊ का करतात? गिऱ्हाईक पत्रा बघून घेतंच ना?

बघून काय कळणार? दोन ग्रेडचे पत्रे शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच. फरक कळतो तो मिलच्या सर्टिफिकेटवरून, त्यात त्या हीटच्या स्टीलच्या तपासणीचे आकडे असतात, आणि पत्रा कुठल्या हीटचा ते हीट नंबर सांगतो. कॉइल आठ पट्ट्यांमध्ये चिरली की आठ कॉइल होतात, प्रत्येकीला तोच हीट नंबर लागला पाहिजे, मग त्यातल्या तीन एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, बाकी स्टॉकमध्ये, आणि अर्धी पट्टी परत आली तर तिलाही तोच. इथे टॅग लावणाऱ्या पोराने एकदा अदलाबदल केली की प्रेशर व्हेसलमध्ये (आत मोठा दाब असलेल्या टाकीत) भलतं स्टील जाऊ शकतं. बाऊ नाही, धंद्याचं नाक आहे ते.

प्रश्न : मोठ्या कंपन्या एकामागून एक छोट्या कंपन्या विकत घेतात. याला वाढ म्हणायचं का? स्वतःच्या जोरावर वाढणं वेगळं आणि विकत घेणं वेगळं असं मला वाटतं.

वेगळं आहे, पण या धंद्यात ते समजण्यासारखं आहे. पत्रा जड, किमतीच्या मानाने वाहतूक महाग, आणि गिऱ्हाइकाला माल उद्या हवा, त्यामुळे एका शेडमधून किती लांब विकणार त्याला मर्यादा आहे. पुढे जायचं तर दुसऱ्या ठिकाणी शेड टाका, नाहीतर तिथे आधीच चालणारी शेड घ्या. नवीन टाकली तर आधीच गर्दी असलेल्या बाजारात अजून एक स्लिटर वाढतो आणि सगळ्यांचाच भाव पडतो. घेतली तर गिऱ्हाइकंही मिळतात आणि त्यांना ओळखणारी माणसंही.

रिलायन्सने हेच केलं. १९९४ मध्ये शेअर बाजारात आल्यापासून सत्तरच्या वर कंपन्या घेतल्या, त्यात २००६ मध्ये अर्ल एम. जॉर्गेन्सन, २०१३ मध्ये मेटल्स यूएसए अशा मोठ्याही. पण घेतलेल्या कंपन्यांची नावं बरीचशी तशीच ठेवली, माणसंही तीच, दर आणि ऑर्डर स्थानिक मॅनेजर ठरवणार. आज तीनशेच्या वर ठिकाणं आहेत आणि तरी सरासरी ऑर्डर २०२३ मध्ये ३ हजार डॉलरच्या थोडी वर होती, साधारण ४० टक्के ऑर्डरी २४ तासांत पोचवलेल्या, निम्म्या ऑर्डरींमध्ये काही ना काही प्रोसेसिंग. म्हणजे अवाढव्य कंपनी, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर गल्लीतल्या दुकानासारखीच वागणारी. मला हे कौतुकास्पद वाटतं.

आणि वाढीचा मोह भलतीकडेही नेतो. क्लॉकनरने १९८८ मध्ये कच्च्या तेलाच्या वायद्यांत कोट्यवधी मार्क घालवले, स्टीलमध्ये नव्हे हां, तेलात! शेवटी डॉइचे बँकेला धावून यावं लागलं आणि कंपनी घराण्याच्या हातातून गेली. ऐंशीहून जास्त वर्षांची पेढी.

प्रश्न : आमचा घरचा धंदा आहे. बाबांनी एका शिअरिंग मशीनवर सुरुवात केली, आता एक स्लिटर आणि एक कट-टू-लेंथ (कॉइल उलगडून ठरावीक लांबीत कापणारी) लाइन आहे. मला लेझर कटिंगमध्ये जायचंय, तयार ब्लँक (हव्या आकारात कापलेले तुकडे) विकायचे, मार्जिन जास्त. बाबा म्हणतात दुसरा स्लिटर घे, जॉबवर्क घे, उगाच नाचू नकोस. रोज जेवताना हाच विषय. तुम्ही काय सांगाल?

रोज जेवताना नको, एवढं आधी सांगतो.

बाबांचं जॉबवर्कचं म्हणणं नीट ऐका. जॉबवर्कमध्ये माल दुसऱ्याचा, भावाची जोखीम दुसऱ्याची, तुम्ही फक्त टनामागे कापणावळ घेता. मार्जिन किरकोळ दिसतं पण साठ्यात एक पैसा अडकत नाही, आणि वरच्या उत्तरात जे मंदीचं सांगितलं त्यातला निम्मा ताप वाचतो. मंदीत स्वतःचा माल हलत नसताना मशीन चालू ठेवणारं काम हेच. फक्त दुसरा स्लिटर घ्यायच्या आधी पहिला स्लिटर प्रत्यक्ष किती तास कापतो आणि किती तास पाती बदलण्यात उभा असतो ते लिहून काढा. बऱ्याच ठिकाणी निम्मा वेळ सेटिंगमध्ये जातो, तिथे पात्यांचा दुसरा सेट आधीच लावून तयार ठेवायची सोय केली तर नवीन मशीनची गरजच उरत नाही, खर्चही खूपच कमी.

तुमच्या लेझरचं. कॉइलमधून काढलेला पत्रा वरून सपाट दिसला तरी आत गुंडाळीचा ताण धरून असतो, साधा रोलर लेव्हलर (रुळांमधून पत्रा सपाट करणारं मशीन) तो पूर्ण काढत नाही. लेझरने कापला की ताण सुटतो आणि तुकडा उसळून वर येतो, कधी थेट कटिंग हेडला धडकतो, आणि हेडची दुरुस्ती काय असते ते मशीन विकणाऱ्यालाच विचारा, तो गोड बोलून सांगेल. म्हणजे लेझर घ्यायचं तर आधी तुमच्या कट-टू-लेंथ लाइनला स्ट्रेचर लेव्हलर (पत्रा ताणून सपाट करणारं मशीन) हवा, किंवा तसा पत्रा बाहेरून घ्यायला हवा, मग जास्तीच्या मार्जिनमधलं बरंचसं तिथेच गेलं. खर्चाचा कागद लेझरच्या किमतीपासून सुरू करू नका, लेव्हलरपासून करा.

आणि एक गोष्ट ज्यावर तुम्ही दोघंही बोललेला दिसत नाही. तुमचा पत्रा आज घेतं कोण? त्यात लेझरवाले जॉबशॉप (दुसऱ्यांची कामं करून देणारी वर्कशॉप) असतील तर ज्या दिवशी तुमचं लेझर लागेल त्या दिवशी तुम्ही तुमच्याच गिऱ्हाइकाचे स्पर्धक. ते तोंडावर काही बोलणार नाहीत, चहा पाजतील, अभिनंदनही करतील, आणि हळूहळू ऑर्डर दुसरीकडे वळवतील. यावर उपाय नाही असं नाही, काही कंपन्या फक्त जाड प्लेटचं कापतात आणि पातळ पत्र्याचं काम गिऱ्हाइकांसाठी सोडून देतात, काही जण लेझर घेतात पण त्यावर मोठ्या मशीन बिल्डरचंच काम चालवतात, ज्याला जॉबशॉप तसंही पुरं पडत नाही. पण ते आधी ठरवावं लागतं.

तेव्हा गेल्या वर्षीच्या पहिल्या वीस गिऱ्हाइकांची यादी काढा, बाबांना शेजारी बसवा, आणि कुणाकुणाकडे स्वतःचं लेझर आहे त्यावर खूण करा. बाबांना ते तोंडपाठ असेल. पहिल्या दहांत पाच-सहा खुणा आल्या तर मशीनवाल्याला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी त्या पाच-सहा जणांना जाऊन भेटा, आणि बाबांना घेऊन जा, कारण तुम्ही एकटे गेलात तर ते खरं बोलायचे नाहीत.